उजव्या अंगाची जागा

तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात माणसांच्या तक्रारी लिहून घेतल्या आणि निवृत्त झाल्यावर जनावरांच्या लिहून घ्यायला लागले. हे वाक्य माझं नाही, आमच्या ह्यांचं आहे. सोलापूरच्या नवी पेठेत ह्यांचं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला परकराचं कापड फाडून देता देता ह्यांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकवलंय, की आता शेजारच्या बोळातला चहावालासुद्धा मला विचारतो, "काय काकू, आज कुणाचा फोन?"

मी चिडते. चिडणं हा माझा स्वभावच आहे, तो लपवण्यात काही अर्थ नाही. पण ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

निवृत्त होऊन चार महिने झाले तोवर घरातला प्रत्येक डबा मी दोनदा घासला होता आणि ह्यांच्याशी भांडायला नवा विषय उरला नव्हता. तेव्हा भाचीनं मोबाइलवर मला एक वर्ग जोडून दिला. प्राण्यांशी संवाद कसा साधायचा, याचा. शिकवणाऱ्या बाई इतक्या मऊ आवाजात बोलायच्या की मला सारखं "जरा मोठ्यानं सांगा" म्हणावंसं वाटायचं. त्यांची पद्धत साधी होती. जनावराजवळ शांत बसायचं, मनातल्या मनात त्याची परवानगी मागायची, आणि मग पहिल्यांदा जे येईल ते वहीत उतरवायचं. एखादं चित्र, एखादा वास, आपल्याच अंगात कुठंतरी उठलेली कळ, काहीही. पथ्य एकच. अर्थ लावायचा नाही.

मला हसू आलं, कारण आमच्या खात्यातही पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. तक्रार करणारा जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. दोष कुठं आहे ते लाइनमन खांबावर चढून बघेल, तुम्ही खुर्चीत बसून ठरवू नका. "फोनमध्ये कुणीतरी सारखं पापड तळतंय" अशी तक्रार मी जशीच्या तशी लिहून घेतलेली आहे. तेव्हा हे काम आपल्याला जमेल असं मला वाटलं.

शहर संपून मोहोळचा रस्ता लागला की एका पत्र्याच्या शेडमध्ये टाकलेल्या, अपघात झालेल्या, म्हाताऱ्या जनावरांना ठेवतात. तिशीतली एक डॉक्टर मुलगी ते सगळं बघते. मी बुधवारी आणि रविवारी तिथं जायला लागले. डॉक्टरचा माझ्या विद्येवर काडीचा विश्वास नव्हता. एकदा मी एका कुत्र्याजवळ तासभर बसून वहीत "झाडू" असं लिहिलं आणि तिला सांगितलं, की याला घरी नेणाऱ्यांना म्हणावं, झाडू जरा लपवून ठेवा. ती म्हणाली, "काकू, सोलापुरातलं कुठलं कुत्रं झाडूला भीत नाही?" पण मला तिनं कधी अडवलं नाही. उलट, कुणाला जवळ येऊ देत नाही असं एखादं जनावर आलं की मलाच बोलवायची. "तुम्ही त्यांच्याशी बोलता की नाही ते देव जाणे," ती म्हणायची, "पण तुम्ही शेजारी तासभर गप्प बसता. त्यानंच निम्मं काम होतं."

मी तासभर गप्प बसते हे ह्यांना सांगितलं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

शेडमध्ये गुरांची देखभाल करायला मामा होते. सांगोल्याकडचे, सगळं आयुष्य मेंढरांमागं हिंडलेले. मला ते अक्का म्हणायचे. आणि एक गाय होती, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. ती नवी पेठेतलीच. वर्षानुवर्षं बाजारात हिंडून भाजीचे देठ, पुठ्ठे, पिशव्या खायची. आमच्या दुकानाबाहेर टांगलेली एक ओढणी तिनं ह्यांच्या डोळ्यांदेखत अर्धी गिळली होती. पोट फुगून रस्त्यात पडली तेव्हा तिला इथं आणलं. बरी झाली, पण भारी खाष्ट. शेजारच्या जनावराला खांद्यानं ढकलल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. हे म्हणायचे, "ही तुझ्यावर गेलीय."

त्या हिवाळ्यात ह्यांनी एक नवीन खूळ काढलं होतं. जेवायच्या टेबलाशी माझ्या उजव्या हाताला ह्यांची खुर्ची. लग्नापासून तीच जागा, कारण मला वाढायला सोपं पडतं. आता हे मुकाट्यानं टेबलाला वळसा घालून माझ्या डावीकडं येऊन बसायला लागले. "तिकडं काय आहे?" मी विचारायची. "काही नाही, सहजच," हे म्हणायचे. मला भाकरी वाढायला अख्खं ताट ओलांडावं लागायचं. मी दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी ह्यांना उठवून जुन्या जागी बसवलं. ते आपले बसले. मग मी बोलत राहायची आणि हे शेंगाचटणीत तेल कालवत बसायचे. लक्षच नाही माझ्याकडं, असं वाटून मी आणखी भडकायची.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा तो बैल आला. श्रीपूरच्या बाजूला पहाटेच्या धुक्यात उसाच्या बैलगाडीला मागून आलेल्या टेंपोनं बाजूनं धडक दिली होती. जोडीतला एक बैल जागीच गेला. हा दुसरा वाचला, पण पुढच्या उजव्या पायाला मोठी जखम. आता गाडी ओढायचं काम त्याला होणार नव्हतं. ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोनं त्याला कुणाच्या तरी गाडीत घालून आमच्याकडं पाठवला आणि ते दुसऱ्या टोळीत कामाला लागले. पांढरा, उंच, शिंगांना अजून जुना लाल रंग. पोळ्याला मातीचे बैल पुजण्यापलीकडं माझा बैलांशी कधी संबंध आला नव्हता, पण त्याला बघून मीही पदर सावरून उभी राहिले.

मामांनी त्याला सगळ्यात चांगली जागा दिली. दावणीच्या अगदी टोकाला, उजवीकडं भिंत, म्हणजे दुखऱ्या पायाला कुणाचा धक्का लागायला नको. जोडीदार गेल्यामुळं तो एकटा पडला असेल, हे डॉक्टरच्याही लक्षात आलं होतं. म्हणून डावीकडं सोबतीला ती गाय बांधली. जखमही भरायला लागली. फक्त बैल खाईना. कडबा टाका, हिरवा चारा टाका, पेंड भिजवून ठेवा, तो हुंगायचा आणि मान उचलून उभा राहायचा. पाणी कसंबसं चार घोट.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरनं मला बोलावलं. मी बादली पालथी घालून त्याच्या पुढ्यात बसले, डोळे मिटले, परवानगी मागितली. बराच वेळ काहीच आलं नाही. बंद पडलेल्या फोनसारखी डेड लाइन. मग माझी उजवी बाजू, खांद्यापासून कोपरापर्यंत, हळूहळू गार पडली. दुखलं नाही, मुंग्याही आल्या नाहीत. थंडीच्या दिवसांत कुणीतरी बराच वेळ आपल्याला खेटून बसलेलं असावं आणि उठून जावं, तसं ते होतं. मी वही उघडली आणि लिहिलं, "उजवा खांदा. गार."

इथवर सगळं नियमानं झालं होतं. पण मग मी त्याखाली एक रेघ मारली आणि लिहिलं, "उजव्या खांद्याला आतून मार बसलाय." आणि ती वही घेऊन डॉक्टरकडं गेले.

डॉक्टरनं खांदा दाबून बघितला, पाय वाकवून बघितला, काही सापडेना. "खांद्याला काही नाही, काकू." मी ऐकते होय! आत असेल, वरून कसं कळेल, तुम्ही शिकलेल्या लोकांना यंत्राशिवाय काही दिसतच नाही, असं मी तिला तिच्याच शेडमध्ये सुनावलं. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून तिनं मान हलवली. पुढचे तीन दिवस मामा त्या बैलाच्या धडधाकट खांद्याला हळद-तेल चोळत होते आणि विटा तापवून शेकत होते. भिंत आणि बैल यांच्यात जागा इतकी थोडी, की मामांना अंग चोरून आत शिरावं लागायचं. बैल बिचारा शांत उभा राहायचा. मामा चोळत असताना एकदा त्यानं कडब्याचं एक पान तोंडात घेतलं, असं मामा म्हणाले. आम्हाला वाटलं, हळदीचा गुण आला.

पण मामा बाहेर आले की बैल पुन्हा तसाच.

सातव्या दिवशी डॉक्टर माझ्याशी रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली. "रवंथ बंद आहे, काकू. पोट थांबलंय. सलाईनवर आणि नळीवर एवढं मोठं जनावर किती दिवस ओढणार? फार तर आणखी तीन-चार दिवस."

"मामा, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"अक्का, म्या मेंढरातला मानूस," मामा म्हणाले. "मेंढरू हुबं कसं ऱ्हातंय त्यावरनं त्येचा आजार सांगीन. बैलाचं मला काय बी कळत न्हाय."

त्यांनी खरं तेच सांगितलं. डॉक्टरला गुरांची औषधं येत होती, मामांना मेंढ्या कळत होत्या, मला तर काहीच येत नव्हतं. बैल जुंपलेला माणूस आमच्यात एकही नव्हता. हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. तेव्हा मला फक्त त्या बैलाचं वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग येत होता. तीन दिवस मी फुकट घालवले होते, आणि त्याच्याकडं तेवढेच शिल्लक होते.

घरी जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. हे माझ्या उजवीकडं बसून भाकरी मोडत होते. पूर्ण सांगून झालं आणि हे म्हणाले, "हं?"

माझा तोल गेला. "मुक्या जनावरांचं ऐकायला मी मोहोळ रस्त्यापर्यंत जाते, आणि तुम्हाला हाताच्या अंतरावरून माझं ऐकायला जमत नाही!" असं मी इतक्या मोठ्यानं ओरडले की वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली. हे दचकले. मग म्हणाले, "बरं बाई, परत सांग." मी परत सांगितलं, त्याच आवाजात. या वेळी ह्यांनी सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या खात्यात दोष सापडला नाही तर काय करायचे?"

"लाइन जिथून सुरू होते तिथं जायचं," मी म्हणाले.

"मग चल. उद्या दुकान बंदच आहे."

हे असे आहेत. दिवसभर चेष्टा करतील आणि वेळेला गाडी काढतील.

सकाळी सातला आम्ही निघालो. मी ह्यांच्या शेजारी, पुढच्या सीटवर. मोहोळपर्यंत मी बैल, डॉक्टर, हळद आणि माझी चूक यांवर बोलत होते, मोहोळनंतर थर्मास कुठं ठेवलाय ते तीनदा विचारलं. हे समोर बघून गाडी चालवत होते. पुढं पंढरपूर येईपर्यंत मी रुसून खिडकीबाहेर बघत बसले आणि माझं रुसणंही ह्यांच्या लक्षात आलं नाही.

श्रीपुरात कारखान्याच्या वासानंच आपण पोचलो हे कळतं, गोड आणि आंबूस. माळावर पाचटाच्या कोप्या होत्या, उसाच्या वाळक्या पानांच्या लहान लहान झोपड्या. आमच्या नोंदवहीतला फोन लागत नव्हता, म्हणून मी एकेका कोपीशी जाऊन टेंपोचा अपघात झालेल्या गाडीवानाची चौकशी केली. त्याची बायको सापडली. तो स्वतः उसाच्या फडात तोडणीला गेला होता. ही चुलीपुढं भाकरी थापत होती, पस्तिशीची असेल. मंगळवेढ्याच्या पलीकडची. मी शेडचं नाव काढल्याबरोबर पिठाचे हात तसेच घेऊन उभी राहिली.

"गेला का त्यो?"

"नाही, नाही. आहे."

"खातो का?"

"नाही," मी म्हणाले. "म्हणून तर आलोय. जखम भरतेय, पण खात नाही."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. मग तिनं विचारलं, "त्येच्या उजव्या अंगाला कोन बांधलाय?"

"कुणी नाही. भिंत आहे. दुखरा पाय आहे ना, म्हणून. गाय बांधलीय की, पण डावीकडं."

"भित?" ती म्हणाली. "उजव्या अंगाला भित?" आणि चुलीवरची भाकरी करपेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली.

मग तिनं सांगितलं. बैल जोडीत राबतो तेव्हा त्याचं अंग ठरलेलं असतं. हा डाव्या अंगाचा. "खोंड हुता तवापास्नं त्येला डावीकडं जुंपलाय. जोडीदार उजवीकडं. गाडीला तसंच, दावनीला तसंच, पान्यावर नेला तरी तसंच. निजला तर त्येच्या अंगाला टेकून. उजवीकडनं धक्का बसल्याबिगर त्यो वैरनीला तोंडच लावत न्हाय, बाई. लई खोडीचा हाय. टेंपो उजवीकडनंच घुसला. त्यो उजवीकडचा हुता म्हनून ह्यो वाचला."

"आम्हाला हे कुणी सांगितलं नाही," मी म्हणाले.

"आमाला तरी कुनी इच्यारलं?" ती म्हणाली.

मी तिथंच एका दगडावर बसले. वहीतली पहिली ओळ माझ्या डोळ्यांपुढं होती. उजवा खांदा, गार. तक्रार अगदी बरोबर नोंदवली गेली होती. माझी होती ती फक्त खालची रेघ. आणि मामांना भिंतीच्या फटीत शिरून हळद चोळावी लागायची, तेव्हा बैलाच्या उजव्या अंगाला एक जिवंत माणूस टेकलेलं होतं. म्हणून त्यानं पान खाल्लं होतं. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

तिनं करपलेली भाकरी बाजूला काढली, चूल विझवली, शेजारणीला "सांच्यापातुर येते" म्हणून सांगितलं आणि उसाच्या वाड्याची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, एक मोळी बांधून गाडीच्या डिकीत टाकली. ह्यांनी गाडीत पाचट सांडलं म्हणून एक शब्द काढला नाही. तिला एकटीला मागं बसवायचं मला बरं वाटेना, म्हणून मीही मागं बसले, ह्यांच्या बरोबर पाठीशी, आणि ती माझ्या डावीकडं.

शेडवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हे गाडीतलं पाचट झाडत बाहेरच थांबले. ती आत गेली आणि थेट बैलाचं दावं सोडून त्याला मोकळ्या अंगणात घेऊन आली. बैलानं तिला ओळखलं असं मी म्हणणार नाही, कारण त्यानं मान वळवली नाही, हंबरला नाही, काही नाही. फक्त तिच्यामागून चालत आला. अंगणाच्या मधोमध तिनं त्याला थांबवलं. मग त्याच्या उजव्या बाजूला गेली आणि आपला खांदा त्याच्या खांद्याला लावून उभी राहिली, तोंड समोर करून, दोघं एकाच जुवाखाली असल्यागत. डॉक्टर काहीतरी विचारणार होती, मामांनी तिला खुणेनं गप्प केलं.

बैलाच्या अंगावर एक शिरशिरी गेली. त्यानं जोरात श्वास सोडला. ती बाई त्याला खांद्यानं थोडं ढकलून म्हणाली, "चल. खा की आता." आणि हातातलं वाडं त्याच्यापुढं खाली टाकलं. त्यानं मान खाली घातली.

वाडं चावल्याचा कुर्र कुर्र आवाज मला ऐकू आला. आयुष्यात मी इतके आवाज ऐकले, एवढं समाधान मला कशानं झालं नव्हतं. डॉक्टर हसत होती आणि नाक पुसत होती. मामा म्हणाले, "आगं आई गं. आनि म्या खुळा भितीला बांधत हुतो."

पण ती बाई काही कायमची उभी राहणार नव्हती. "माझ्या जागी कुनीतरी बांधा," ती म्हणाली. "गरीब जनावर नको. ढकलनारं पायजे. ह्येचा जोडीदार लई दांडगा हुता."

आम्ही तिघांनीही एकदम गाईकडं बघितलं. मामांनी बैलाला दावणीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्याच्या उजव्या अंगाला गाय आणून बांधली. तिनं आल्या आल्या त्याला खांद्यानं असा ठोसा दिला की तो अर्धा हात सरकला. मग तोही तिच्यावर रेलला. जू नाही, गाडी नाही, आणि दोघं तशी उभी राहिली.

"आता खाईल ना?" मी विचारलं.

"बघा रातच्याला," ती म्हणाली. "रवंथ केला की समजा ऱ्हायला." निघताना तिनं बैलाच्या दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. मी तिला म्हणाले, अधूनमधून येत जा, आम्ही न्यायला येऊ. ती मान हलवून म्हणाली, "न्हाय बाई. म्या आले की त्येला जुनं आठवंल. त्येला आता गाईचं होऊ द्या."

आम्ही तिला मोहोळच्या स्टँडवर सोडलं, तिथून पंढरपूरची एसटी मिळते. ती उतरली, दार लावलं, आणि वळसा घालून माझ्या खिडकीशी आली. हे तिकडं गाडी कुठं लागते ते कंडक्टरला विचारायला गेले होते.

"बाई, एक सांगू का? राग मानू नका," ती म्हणाली. "मालकांच्या उजव्या अंगाला बसत जावा. डावीकडचं त्येंला ऐकू येत न्हाय."

"काय?"

"वाटंत म्या दोनदा इच्यारलं, पानी हाय का म्हनून. त्येंला पत्ताच न्हाय. आनि तुमी मागनं हळू बोललात तरी लगीच जबाब देत हुते." बैलाचं सांगितलं तसंच तिनं हे सांगितलं, आणि एसटीकडं चालू लागली.

हे परत आले, गाडी सुरू केली, आणि म्हणाले, "अगं, पुढं ये की."

मी हलले नाही. मला खुर्ची दिसत होती. हे बिचारे टेबलाला वळसा घालून येत होते ते माझं ऐकू यावं म्हणून, आणि मी त्यांना हाताला धरून भिंतीकडं बांधत होते. किती महिने झाले असतील? ह्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. माणूस सांगत नाही. आणि मी, जिला तक्रारी ऐकण्याचा पगार मिळत होता, मी वहीत लिहून ठेवलं होतं, की हे लक्ष देत नाहीत. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन मिनिटं मी खरोखरच गप्प होते.

"येतेस ना?" ह्यांनी विचारलं.

"मी इथंच बसते," मी म्हणाले, आणि मुद्दाम आवाज चढवला नाही. ह्यांच्या सीटमागं, उजव्या कानाशी, थोडी पुढं सरकून बसले.

"मला काय ड्रायव्हर केलास?" हे म्हणाले. पण गाडी चालू लागली.

शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा माझा फोन वाजला. मामा होते. "अक्का, सारी पेंढी संपवली बगा. आता खाली बसलाय, गाईला टेकून. रवंथ करतोय."

मी फोन पर्समध्ये ठेवला. "रवंथ करतोय," मी म्हणाले, घरात एकटी असताना बोलते तेवढ्याच आवाजात.

"वा!" हे लगेच म्हणाले. "उद्या मलाही घेऊन चल बघायला. माझी ओढणी खाल्लेल्या बाईंनाही भेटतो."

मला हसू आलं. मग मी म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडं जाऊ या. आणि जेवताना ती खुर्ची... ती माझ्या डावीकडंच असू दे. भाकरी मी उठून वाढेन."

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. जुना पूल गेला, पेट्रोल पंप गेला. माझ्या मनात आलं, एवढ्या जवळून सांगूनही ऐकू गेलं नाही की काय. तेवढ्यात ह्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

"ऐकलं," हे म्हणाले.